मत विकण्याचा जोडधंदा

‘तुमच्या घरातील कोणी वृत्तपत्रात, जाहिरात संस्थेत किंवा बाजार संशोधनाच्या क्षेत्रात काम करते का?’ ग्राहकांची मते जाणून घेणाऱ्या बहुतेक प्रश्नावल्यांत हा प्रश्न अगदी सुरुवातीलाच असतो. ‘होय’ असे खरे उत्तर दिले की पडद्यावर एक नम्र वाक्य उमटते : आपण या सर्वेक्षणासाठी पात्र नाही, धन्यवाद. प्रस्तुत लेखकाची उपजीविका वृत्तपत्राच्या कचेरीतच चालते. त्यामुळे कुतूहलापोटी दोन-तीन ठिकाणी नाव नोंदवून पाहिले, तेव्हा हे वाक्य वारंवार वाचावे लागले. दरवेळी मनात एकच विचार डोकावून जाई : ‘नाही’ म्हटले असते तर कोण तपासायला येणार होते?

या छोट्याशा मोहापाशी थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण पैसे घेऊन मते सांगण्याच्या साऱ्या व्यवहाराची गोम तिथेच आहे. ‘घरबसल्या सर्वेक्षणे भरा आणि कमवा’ असे संदेश आता राज्यातील जवळजवळ प्रत्येक मोबाईलवर येऊन पोहोचतात. पावसाळ्यात पर्यटनाचा हंगाम ओसरला की हाताला काम नसलेले तरुण, दुपारचा थोडा मोकळा वेळ मिळणाऱ्या गृहिणी, निवृत्तिवेतनावर घर चालवणारे ज्येष्ठ आणि महाविद्यालयीन विद्यार्थी या संदेशांकडे आशेने पाहतात. त्यांतील किती आशा खरी होण्यासारखी आहे, याचा हिशेब मांडायला हवा.

पहिली गोष्ट ही की, हा व्यवसाय मुळात खोटा नाही. लोकांना एकत्र बसवून त्यांच्या आवडीनिवडी शास्त्रशुद्ध रीतीने समजून घेण्याची पद्धत १९४१ च्या सुमारास अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाच्या पॉल लाझार्सफेल्ड आणि रॉबर्ट मर्टन यांच्या कामातून आकाराला आली. रेडिओचा कार्यक्रम ऐकताना श्रोत्यांनी आवडले तर हिरवे आणि नावडले तर लाल बटण दाबायचे, अशी ती सुरुवात होती. आपल्याकडे विक्रम साराभाई यांनी १९६० मध्ये वडोदऱ्यात ऑपरेशन्स रिसर्च ग्रुपची स्थापना केली आणि दुकानांतील मालाच्या खपाची पद्धतशीर मोजदाद भारतातही रुजली. साबणाचा वास कसा असावा, बिस्किटाचा पुडा पाच रुपयांचा असावा की दहाचा, मालिकेतील सून कितपत सोशिक दाखवावी, हे ठरवण्यासाठी उत्पादकांना माणसांची मते लागतात आणि त्यासाठी ते पैसे मोजतात. उत्तर देणाऱ्याच्या वेळेचा मोबदला म्हणून त्यातील एक छोटासा वाटा त्याला मिळतो. यात गैर काहीच नाही.

हा वाटा किती छोटा असतो, हे मात्र जाहिराती सांगत नाहीत. ॲमेझॉनच्या मेकॅनिकल टर्क या मंचावर सर्वेक्षणे आणि तशीच किरकोळ कामे करणाऱ्या २,६७६ जणांच्या सुमारे ३८ लाख कामांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार, तासाच्या कमाईचा मध्यांक केवळ दोन डॉलरच्या आसपास होता. अमेरिकेतील किमान वेतनाचा सव्वासात डॉलरचा दर ओलांडू शकणारे अवघे चार टक्के होते. कमाई इतकी खाली का येते, तर काम शोधण्यात, नाकारले जाण्यात आणि अर्धवट सोडाव्या लागलेल्या कामांत गेलेल्या वेळेचे पैसे कोणी देत नाही. आपल्याकडे अनेकांच्या मोबाईलवर असलेले गुगलचे ‘ओपिनियन रिवॉर्ड्स’ २०१७ पासून भारतात आहे. छोट्या प्रश्नांच्या उत्तरांबद्दल ते काही रुपये देते, पण अँड्रॉइड मोबाईलवर ते रुपये गुगलच्याच प्ले स्टोअरमध्ये खर्चावे लागतात. त्यातून एखादे पुस्तक किंवा खेळ विकत घेता येईल, बाजारातले बांगडे येणार नाहीत.

इतर मंचांचा हिशेब आपण स्वतः करून पाहावा. समजा, वीस मिनिटांच्या प्रश्नावलीला तीस रुपये मिळतात. कागदावर तासाला नव्वद रुपये झाले. परंतु तीनपैकी दोन प्रश्नावल्यांतून पाच-सात मिनिटे उत्तरे दिल्यानंतर ‘पात्र नाही’ म्हणून बाहेर पडावे लागले आणि त्या वेळेचे काहीच मिळाले नाही, तर हाच दर साठाच्याही खाली घसरतो. त्यातही रक्कम गुणांच्या स्वरूपात साठते आणि ठरावीक गुण झाल्याशिवाय काढता येत नाही. पुष्कळांचा उत्साह त्या टप्प्याच्या आधीच मावळतो आणि ते गुण तसेच पडून राहतात.

बाहेर काढले जाण्यापूर्वी त्या पाच-सात मिनिटांत काय विचारलेले असते, हेही पाहण्यासारखे आहे. वय, शिक्षण, कुटुंबातील मुख्य कमावत्या व्यक्तीचा व्यवसाय, घरात काय काय आहे. बाजार संशोधकांनी २०११ पासून वापरलेल्या वर्गवारीत कुटुंबाची पत शिक्षण आणि अकरा गोष्टींवरून ठरत असे : वीजजोडणी, पंखा, गॅसची शेगडी, फ्रिज, दुचाकी, धुलाई यंत्र, रंगीत टीव्ही, संगणक, मोटार, वातानुकूलन यंत्र आणि शेतजमीन. शेजाऱ्यालाही आपण इतकी माहिती सहसा सांगत नाही. ‘पात्र नाही’ असे म्हटल्याने ती परत मिळत नाही. बहुतेक ठिकाणी ती आपल्या नावापुढे साठून राहते. म्हणजे संस्थेच्या पदरात काहीतरी पडलेले असते आणि आपण रिकाम्या हाताने परतलेले असतो.

आता गोव्याचे गणित. २०११ च्या जनगणनेनुसार देशाची लोकसंख्या १२१ कोटी आणि गोव्याची १४ लाख ५८ हजार. देशभरातील दोन हजार लोकांची पाहणी लोकसंख्येच्या प्रमाणात करायची ठरवली, तर गोव्याच्या वाट्याला दोन किंवा तीन माणसे येतात. टीव्हीचा प्रेक्षकवर्ग मोजणारी बार्क ही संस्था तर आपल्याला स्वतंत्र धरतच नाही. तिच्या तक्त्यांत ‘महाराष्ट्र/गोवा’ असा एकच बाजार असतो. मराठी वाहिनी पाहणारे डिचोलीतील घर आणि सोलापुरातील घर त्या तक्त्यात एकाच रकान्यात जाते. पर्यटन, मद्य किंवा घरबांधणी यांसारख्या विषयांवर खास गोव्यासाठी पाहण्या होतात हे खरे, पण त्या रोज होत नाहीत. तेव्हा गोव्यातील सामान्य माणसाला दिवसाला दहा-वीस सर्वेक्षणे देऊ, असे जो सांगतो तो सर्वेक्षणाच्या धंद्यात असण्याची शक्यता फार कमी आहे. या साध्या भागाकारानेसुद्धा बरेच संदेश उघडे पडतात.

प्रत्यक्ष बैठकींचा मोबदला यापेक्षा बरा असतो. आठ-दहा जणांना हॉटेलच्या खोलीत किंवा कोणाच्या तरी दिवाणखान्यात दीड-दोन तास बसवतात, चहा-नाश्ता होतो, निघताना पाकीट मिळते. मात्र इथेही पात्रतेची अट असतेच. माणसे गोळा करण्याचे काम स्थानिक ओळखीपाळखी असलेल्या एखाद्या ताईकडे असते. तिला माणशी पैसे मिळतात आणि ठरलेल्या वेळेत ठरलेल्या नमुन्याची माणसे हजर करायची असतात. तशी माणसे एवढ्याशा शहरात दरवेळी नवी कुठून आणायची? मग फोन येतो : ‘वहिनी, गेल्या सहा महिन्यांत अशा बैठकीला गेला होता का म्हणून विचारलं तर नाही म्हणा हां. आणि शाम्पू तो हिरव्या बाटलीतला वापरता म्हणून सांगा.’ ताई लबाड असते असे नव्हे. तिच्या कामाची मजुरीच अशी बांधलेली आहे की खऱ्या माणसापेक्षा साच्यात बसणारे माणूस तिला परवडते. वहिनींनाही कळून चुकते की, खरे बोलले तर घरी बसावे लागते आणि थोडे जुळवून घेतले तर पाकीट मिळते. चार-पाच बैठकींनंतर त्या या विद्येत तरबेज होतात. व्यवसायातले लोक अशा उत्तरदात्यांविषयी कुरकुरतात, पण त्यांना तयार कोणी केले, हा प्रश्न ते स्वतःला विचारताना दिसत नाहीत.

या लहानसहान थापांची बेरीज काय होते? अमेरिकेच्या प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये एक मासलेवाईक प्रयोग प्रसिद्ध केला. कोणीही नाव नोंदवून भाग घेऊ शकेल अशा ऑनलाइन पाहणीत तीस वर्षांखालील १२ टक्के लोकांनी आपल्याकडे अणुपाणबुडी चालवण्याचा परवाना असल्याचे सांगितले. वास्तवात ते प्रमाण शून्याच्या जवळ आहे. कशालाही ‘होय’ म्हणत गेले की पुढचा प्रश्न आणि शेवटी पैसे मिळतात, हे ठाऊक असलेली माणसे काहीही सांगतात. पुढची पायरी संघटित फसवणुकीची. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने आठ जणांवर सुमारे एक कोटी डॉलरच्या बनावट सर्वेक्षण-माहितीचा आरोप ठेवला. पैसे देऊन भाडोत्री माणसांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि ती अस्सल ग्राहकांची उत्तरे म्हणून विकली, असे आरोपपत्र सांगते. त्यानंतर डार्टमाउथ महाविद्यालयातील संशोधक शॉन वेस्टवूड यांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये दाखवून दिले की, कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी प्रणाली माणूस ओळखण्यासाठी ठेवलेल्या जवळजवळ सगळ्या चाळण्या पार करून प्रश्नावली भरू शकते. प्रामाणिक उत्तरदात्याच्या वीस मिनिटांचा भाव आता या स्पर्धेत ठरणार आहे आणि तो वाढण्याचे चिन्ह नाही.

आपल्या जवळचे उदाहरण मुंबईचे. टीव्ही पाहण्याची मोजणी ज्या घरांतून होते, त्यांतील काहींना ठरावीक वाहिनी सुरू ठेवण्यासाठी महिन्याला चारशे-पाचशे रुपये दिले जात, असा आरोप मुंबई पोलिसांनी ऑक्टोबर २०२० मध्ये केला होता. पुढे २०२४ मध्ये न्यायालयाच्या परवानगीने तो खटला मागे घेण्यात आला, त्यामुळे आरोप सिद्ध झाला असे म्हणता येत नाही. परंतु चारशे रुपये आणि त्यावर हलणारे कोट्यवधींचे जाहिरातबाजार यांच्यातील अंतर त्या प्रकरणामुळे सर्वांना दिसले. ज्या पाहणीत गोव्याची दोन-तीनच माणसे आहेत, तिच्यातील एकाने पाकिटासाठी हिरवी बाटली सांगितली तर गोव्याचे चित्र अर्धे किंवा एक-तृतीयांश खोटे होते. मग इथल्या मराठी वाचकाला, प्रेक्षकाला, ग्राहकाला काय हवे ते कोणी विचारतच नाही, ही आपली नेहमीची तक्रार कोणापुढे मांडायची?

याहून गंभीर प्रकार म्हणजे सर्वेक्षणाचा मुखवटा घातलेली चोरी. ती आता एका ठरावीक साच्याने चालते. व्हॉट्सॲपवर अनोळखी संदेश येतो. एखाद्या हॉटेलला पाच तारे द्यायचे किंवा चित्रफीत आवडल्याची खूण करायची, मग दीडशे रुपये खात्यात खरोखर जमा होतात. विश्वास बसतो. पुढे टेलिग्रामच्या गटात घेतात, तिथे इतर ‘सदस्य’ आपापल्या कमाईच्या पावत्या टाकत असतात. मग ‘आगाऊ भरण्याचे काम’ येते : हजार भरा, तेराशे घ्या. तेही मिळतात. नंतर पाच हजार, पन्नास हजार, आणि एक दिवस रक्कम अडकते. ती सोडवण्यासाठी ‘कर’ म्हणून आणखी मागितले जातात. केंद्रीय गृह मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये अशा घरबसल्या कामाच्या आणि गुंतवणुकीच्या आमिषाची शंभरांहून अधिक संकेतस्थळे बंद केली. तेव्हाच्या निवेदनात निवृत्त माणसे, महिला आणि बेरोजगार तरुण हे या टोळ्यांचे लक्ष्य असल्याचे स्पष्ट म्हटले होते. मुखवटा बदलला की संकेतस्थळही नवे निघते.

यातील एक बाब लोकांच्या फारशी लक्षात येत नाही. तुमच्या खात्यात आलेले पहिले दीडशे रुपये अनेकदा दुसऱ्या कोणा फसलेल्या माणसाचे असतात. त्याने आपल्या राज्यात तक्रार केली की पैशाचा माग काढत पोलीस तुमच्या खात्यापर्यंत येतात आणि बँक ती रक्कम, कधी संपूर्ण खातेच, गोठवते. काहीही न गमावता वेळीच बाहेर पडलो, असे समजणाऱ्यालाही मग परराज्यातील पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार करत बसावे लागते. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवणे महत्त्वाचे. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर रक्कम पुढे सरकण्यापूर्वी अडवता येण्याची शक्यता असते. संकोचाने चार दिवस घालवले की ती राहत नाही. राज्याचे सायबर गुन्हे पोलीस ठाणे रायबंदरला आहे.

खरे संशोधन ओळखण्याची खूण तशी सोपी आहे. संशोधन करणारा पैसे मागत नाही, नोंदणीसाठीही नाही. तो ओटीपी विचारत नाही आणि शेवटी काही विकायला बसत नाही. संशोधनाच्या नावाखाली विक्री करायची नाही, हे तर या व्यवसायाच्या आंतरराष्ट्रीय आचारसंहितेतच आहे. मिळणारी रक्कम लहान असली तरी ते उत्पन्नच आहे आणि विवरणपत्र भरणाऱ्यांनी ते ‘इतर स्रोत’ या सदरात दाखवायला हवे.

दिलेल्या माहितीचे पुढे काय होते, हे विचारण्याचा कायदेशीर हक्क मात्र अजून वाटेवर आहे. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि संमतीविषयीच्या मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ च्या सुमारास लागू होतील. त्या दिवसापासून कोणती माहिती कशासाठी घेतली जात आहे ते आधी सांगावे लागेल. दिलेली संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची पडताळलेली संमती लागेल. आणि ही सूचना राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत मागता येईल. त्या यादीत मराठी आहे आणि कोकणीही आहे.