गाय चरवीवरून पारखावी कीं गव्हाणीवरून?

गाय विकत घेतांना आपला शेतकरी चरवी पाहतो, गव्हाण पाहत नाहीं. दोन्ही वेळां मिळून दूध किती, एवढेंच बाजारांत विचारलें जातें. तेवढ्या दुधासाठीं तिनें वैरण व पेंड किती खाल्ली, हें कोणी विचारीत नाहीं. आणि दुधाच्या धंद्यांतील सर्वांत मोठा खर्च तर चाऱ्याचाच!

दोन गाई सारखेंच दूध देतात, पण एकीचें वजन ४०० किलो व दुसरीचें ५५० किलो आहे, असें समजूं. केवळ देह पोसण्यासाठींच दुसरीस पहिलीच्या सुमारें सव्वा पट पोषण लागतें. शिवाय वजन व दूध सारखें असूनहि एखादी गाय दुसरीपेक्षां कमी खाते, आणि हा गुण अंशतः आनुवंशिक आहे. म्हणूनच ऑस्ट्रेलियांत २०१५ पासून व अमेरिकेंत २०२० पासून होल्स्टीन वळूंच्या मूल्यमापनांत 'वाचलेला चारा' हाहि गुण धरला जाऊं लागला.

कमी खाणारी तीच चांगली, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. नुकती व्यालेली गाय अंगावरची चरबी झडवून दूध देऊं लागली म्हणजे हिशेबांत काटकसरी दिसते. पण पुढें वेळेवर माजावर न आल्यास वाचलेल्या वैरणीहून नुकसान अधिक होतें. यास्तव चाऱ्याचा हिशेब दूध, अंगलट व गाभण राहणें यांच्या जोडीनेंच मांडावा.

५ ऑक्टोबर २०२४ रोजीं आपल्याच वाशीम जिल्ह्यांत गुरांच्या जनुकीय तपासणीची 'गौचिप' प्रसिद्ध झाली. साधन उत्तम आहे. परंतु त्यानें वाचलेल्या चिन्हांचा अर्थ गोठ्यांतील नोंदींवरूनच लागतो. आणि चाऱ्याची वही आपणांपैकीं किती जण ठेवतात?

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक सभासदानें महिन्यांतून एक दिवस दर गाईस घातलेली वैरण व पेंड, गव्हाणींत उरलेली वैरण आणि दूध तोलून लिहावें. छातीच्या घेरावरून वजन काढावें. यानें शास्त्रज्ञाचें सूक्ष्म मोजमाप साधणार नाहीं. पण दोन वेतांची वही हातीं असली म्हणजे कोणत्या गाईची कालवड राखावी हें उमगेल, आणि थोराड गाईस आणखी थोराड वंशाचें रेत नको, असें रेतन करणारास ठामपणें सांगतां येईल. ऐन वैशाखांत वैरण विकत घेण्याची पाळी आल्यावर हा विचार सुचून उपयोग नाहीं. वही आजच उघडावी.