डॉक्टरीणबाईंचं लेकरू कुणी सांभाळायचं?

कर्नाटक सरकारने २०२३ च्या अर्थसंकल्पात चार हजार ग्रामपंचायतींत ‘कूसिन मने’ म्हणजे पाळणाघरं उघडायची घोषणा केली. रोजगार हमीच्या कामावर जाणाऱ्या बायांच्या लहान लेकरांसाठी. आई पाटी उचलते आहे आणि लेकरू बाभळीला बांधलेल्या झोळीत पडून आहे, हे बिदर जिल्ह्यातल्या आपल्या औराद तालुक्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेलं आहे. म्हणून ही योजना मला मनापासून पटली. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यातही तशी सोय होतीच: कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक लेकरं असतील, तर एका बाईला त्यांना सांभाळायला नेमायचं आणि तिला त्याचीच मजुरी द्यायची. राबणाऱ्या बाईचं लेकरू ही तिची एकटीची अडचण नाही, कामाची व्यवस्था करणाऱ्याने त्याचीही व्यवस्था करायची, हे सरकारने कायद्यात लिहून मान्य केलं.

ही समज बहुतेक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या फाटकाबाहेरच थांबली आहे. मातीकाम करणाऱ्या आईला जे द्यायला हवं असं आपण म्हणतो, ते रात्रभर लेबर रूममध्ये उभ्या असलेल्या आईला द्यायचं कुणाच्या मनातही येत नाही.

आपल्या भागातल्या मुली आता मोठ्या संख्येने डॉक्टर होतात. राज्यघटनेच्या ३७१ (जे) कलमामुळे कल्याण कर्नाटकातल्या महाविद्यालयांत ७० टक्के आणि राज्यात इतरत्र ८ टक्के जागा इथल्या मुलामुलींसाठी राखीव झाल्या. बिदरला २००७ मध्ये ‘ब्रिम्स’ हे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. नीटच्या शिकवणीला इकडे बिदर आहे, तिकडे लातूर. मराठी शाळेत शिकलेली मुलगी कलबुर्गीच्या वॉर्डात जाऊन चार-सहा महिन्यांत पेशंटशी कन्नडमध्ये बोलायला लागते. इथपर्यंतचं सगळं कौतुकाचं आहे, आणि आपण ते करतोही.

अडचण एमबीबीएसनंतर सुरू होते. अठराव्या वर्षी प्रवेश, साडेचार वर्षं अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप. मग नीट पीजीची एखाद-दुसरी खेप, आणि त्यानंतर एमडी किंवा एमएसची तीन वर्षं. म्हणजे पंचविशीपासून जवळपास तिशीपर्यंतचा काळ. लग्न याच काळात होतं आणि पहिलं बाळंतपणही. पीजी होईपर्यंत थांबू म्हटलं तर दोन्हीकडची माणसं ऐकत नाहीत. पुढे सुपरस्पेशालिटी करायची तर आणखी तीन वर्षं. आणि वय वाढलं की गुंतागुंत वाढते, हे तर ती स्वतःच ओपीडीत दुसऱ्यांना सांगत असते.

आता तासांचं बघू. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ५ जून १९९२ रोजी रेसिडेंट डॉक्टरांसाठी निर्देश काढले. सलग ड्युटी साधारणपणे १२ तासांच्या वर नको, आठवड्याला साधारण ४८ तास, आळीपाळीने एक साप्ताहिक सुट्टी. या गोष्टीला तीस वर्षं उलटून गेली. या काळात अख्खी एक पिढी पीजी करून, प्राध्यापक होऊन, विभागप्रमुखाच्या खुर्चीत बसली. नियम मात्र वॉर्डात उतरला नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमावलीत तर आकडाच नाही. रेसिडेंटने ‘वाजवी’ तास काम करावं आणि त्याला ‘वाजवी’ विश्रांती मिळावी, एवढंच तिथे म्हटलं आहे. वाजवी म्हणजे किती, हे युनिटचे सीनियर ठरवतात. पुढे आयोगाच्याच मानसिक आरोग्यविषयक कृती गटाने २०२४ मध्ये ७४ तासांची मर्यादा सुचवली: आठवड्यात एक २४ तासांची ड्युटी, पाच दिवस दहा-दहा तास, एक दिवस सुट्टी. ४८ वरून ७४ वर आलो तरी ती सुधारणा वाटावी, यावरून प्रत्यक्ष काय चाललं असेल ते ताडता येतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात जी डॉक्टर मारली गेली, ती ३६ तासांच्या ड्युटीवर होती. तिच्यासाठी निघालेल्या मोर्च्यांत सुरक्षेच्या मागणीबरोबर तासांचीही मागणी होती. सुरक्षेवर निदान चर्चा झाली.

आमच्या तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या घरची मुलगी स्त्रीरोग विषयात पीजी करते, घरापासून रात्रभराच्या प्रवासाच्या अंतरावर. नवरा तिसऱ्याच गावी नोकरीला. बाळंतपणाची रजा संपली तेव्हा लेकरू सहा महिन्यांचं होतं. ते औरादला तिच्या आईपाशी राहिलं. पहिले काही आठवडे ती ड्युटी रूमच्या बाथरूममध्ये जाऊन दूध पिळून टाकायची. साठवायला फ्रिज नव्हता, आणि असता तरी ते इतक्या लांब पोचणार कसं? इकडे आजीने एक युक्ती काढली. लेकीचा न धुतलेला गाऊन ती लेकराच्या उशाला ठेवायची. आईच्या वासाने ते झोपायचं. वास उडाला की लेकरू पुन्हा रात्र-रात्र जागवायचं. मग लेकीने बसच्या कंडक्टरकडे पिशवीतून दुसरा गाऊन पाठवायचा.

त्या आजी मला म्हणाल्या, “लेक डॉक्टर हाय, पण लेकराला ताप आला की मलाच पळावं लागतंय. तिला फोन लावला तर म्हणते, माय, मी केसमधी हाय, नंतर बोलते.” बोलण्यात तक्रार नव्हती, लेकीचा अभिमानच होता. पण तुरीची रास असताना त्या यंदा शेतावर गेल्या नाहीत. गुडघ्यांचं दुखणं आहे, बीपीची गोळी चुकते. देशाला एक स्त्रीरोगतज्ज्ञ तयार करून देण्याचा खर्च या बाई आपल्या अंगावर काढताहेत. सरकारच्या कुठल्याही वहीत त्याची नोंद नाही. अशा आज्या आपल्या गावोगावी आहेत. औराद, संतपूर, कमलनगर, पलीकडे देगलूर, उदगीर, कुठेही विचारा. आजी आहे म्हणून ही व्यवस्था टिकून आहे. जिच्या घरी आजी नाही, किंवा सासर-माहेर दोन्हीकडे सांभाळायला कुणी तयार नाही, ती मुलगी पीजीचा फॉर्मच भरत नाही, किंवा मधूनच सोडते.

रेसिडेंटने दिवसरात्र रुग्णालयातच राबायची ही पद्धत आली कुठून? १८८९ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झालं आणि विल्यम ऑस्लर व विल्यम हॉलस्टेड यांनी तिथे रेसिडेन्सीची घडी बसवली. शिकणारे डॉक्टर रुग्णालयातच राहत. ते तरुण, अविवाहित असावेत अशीच अपेक्षा होती, आणि जवळजवळ सगळे पुरुष. रात्री-अपरात्री हाक मारली की हजर, कारण दुसरं घरच नाही. त्या काळात त्या माणसांसाठी ते जमूनही गेलं असेल. पण आज नीटला मुलांपेक्षा मुली जास्त बसतात. साचा अजून त्याच बिनघरच्या माणसाचा आहे.

जुने प्राध्यापक यावर एक उत्तर देतात आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. केसेस पाहिल्याशिवाय हात बसत नाही. सर्जरी पुस्तकातून येत नाही. खरं आहे. औरादच्या बाईचं सिझेरियन जिच्या हातून व्हायचं आहे, तिने शिकताना शेकडो सिझेरियन पाहिलेली, केलेली असावीत, असं मलाही वाटतं. पण रेसिडेंटचे ते ३० आणि ३६ तास शिकण्यात जातात का? कुठल्याही सरकारी वॉर्डात एक रात्र उघड्या डोळ्यांनी बसून बघा. रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत नेऊन देणं, रिपोर्टसाठी खाली-वर खेटे घालणं, वॉर्डबॉय नसला तर ट्रॉली ढकलणं, डिस्चार्ज कार्डं लिहिणं, आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटकच्या मंजुरीचे कागद चढवत बसणं. यातलं कुठलं काम एमडीच्या परीक्षेला विचारतात? दर युनिटला दोन कारकून आणि एक धावपळ करणारा माणूस द्या. शिकणं एका केसनेही कमी होणार नाही, आणि रोजचे दोन-तीन तास सुटतील. आई आणि लेकरू यांच्यामध्ये बऱ्याचदा वैद्यकशास्त्र नसतंच, रिकाम्या राहिलेल्या शिपायाच्या जागा असतात.

थकलेल्या डॉक्टरच्या हातून चुका होतात, हा मुद्दाही लोक मांडतात. बोस्टनमधल्या एका अभ्यासात, २००४ साली, अतिदक्षता विभागात जुन्या पद्धतीच्या लांबलचक पाळ्या करणाऱ्या इंटर्नकडून गंभीर चुका ३६ टक्के जास्त झाल्याचं आढळलं. पण पुढे २०१६ आणि २०१९ मध्ये अमेरिकेतच झालेल्या मोठ्या चाचण्यांत, पाळ्यांच्या लांबीवरचे नियम सैल केल्याने रुग्णांच्या मृत्यूंत वाढ दिसली नाही. तेव्हा एवढ्या एका आकड्यावर मी सगळा भार टाकणार नाही. रुग्णाला धोका असो वा नसो, सहा महिन्यांच्या लेकराला आठवड्यातून एक दिवस आई मिळावी, हे मागायला वेगळा पुरावा कशाला हवा?

रजेचं त्रांगडं याहून वेगळं. २०२३ च्या नियमावलीप्रमाणे पीजीच्या मुलींना सरकारी नियमांनुसार प्रसूती रजा मिळते, मुलांना पितृत्व रजाही. पण ठरलेल्या रजेपेक्षा जास्त दिवस झाले की तेवढी टर्म वाढते. टर्म वाढली की परीक्षा आपल्या बॅचबरोबर देता येईल की नाही याची धाकधूक, आणि पुढचं सगळंच लांबणीवर. शिवाय रजेवर गेलेलीच्या जागी दुसरं कुणी येत नाही. तिच्या नाईट तिच्याच बॅचच्या दोघा-तिघांवर पडतात. मग कुरबुर सुरू होते, “हिला बाळंतपण आत्ताच सुचलं?” बोलणारे वाईट असतात असं नाही, तेही झोपेवाचून पिचलेले असतात. माणूस कमी देऊन व्यवस्थेने त्यांना एकमेकांवर घातलेलं असतं. म्हणूनच आयांना तेवढी सवलत द्या, ही मागणी मला अपुरी वाटते. तास सगळ्यांचेच कमी व्हायला हवेत. जनरल सर्जरी करणाऱ्या कितीतरी मुलांचीही लेकरं घरी वाढताहेत, फक्त त्या बापांना कुणी विचारत नाही, आणि त्यांनीही न विचारणं मान्य करून टाकलं आहे.

ब्रिटनमध्ये लहान मूल असलेल्या डॉक्टरला, आई असो की बाप, ६० किंवा ८० टक्के वेळ काम करून प्रशिक्षण पुरं करता येतं. वर्षं त्या प्रमाणात वाढतात, पण जागा जात नाही. आपल्या नियमावलीत पीजीचा विद्यार्थी पूर्णवेळ रेसिडेंटच असला पाहिजे. तीनऐवजी साडेतीन किंवा चार वर्षांचा रस्ता मागणाऱ्याला तो खुला ठेवला, तर आयोगाचं काय बिघडणार आहे?

औरादने याची काळजी का करावी, असं कुणी विचारेल. करायलाच हवी. तालुका रुग्णालयात सिझेरियन व्हायचं तर स्त्रीरोगतज्ज्ञ हवा, भूलतज्ज्ञ हवा, बाळ सांभाळायला बालरोगतज्ज्ञ हवा. तिघांपैकी एक जरी नसला तरी ॲम्ब्युलन्स बिदरच्या रस्त्याला लागते. आपल्याकडच्या बाया अजूनही ‘लेडी डॉक्टर’ आहे का म्हणून आधी विचारतात, आणि नसली तर दुखणं अंगावर काढतात. या भागाची भाषा जाणणारी, इथे परत येऊन राहण्याची शक्यता असलेली डॉक्टर ही इथल्याच घरातली मुलगी असते. ती पीजीच्या दुसऱ्या वर्षात लेकरापायी गळाली, तर तिच्या जागी बेंगळुरूहून कुणी येऊन औरादला राहणार नाही.

मागणी करायची तर नेमकी करू. प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक केलं, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा दिली. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नर्स, तंत्रज्ञ, सफाई कामगार, रेसिडेंट मिळून किती आया असतील? रेसिडेंट विद्यार्थी की कर्मचारी, हा वाद वकिलांनी घालत बसावा. पाळणाघर सगळ्यांच्याच लेकरांचं असू द्या, सफाई करणाऱ्या बाईच्याही. कल्याण कर्नाटकात बिदर, कलबुर्गी, यादगीर, रायचूर, कोप्पळ आणि बल्लारी अशी राज्य सरकारची सहा वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. म्हणजे सहा मोठ्या खोल्या, आणि त्यांत लेकरं सांभाळणाऱ्या आया. हजारो कोटींच्या तरतुदीच्या कल्याण कर्नाटक प्रदेश विकास मंडळाला हा खर्च जड नाही. याच्या जोडीला बिनपैशाचं एक काम आहे. पीजीतल्या तीन महिन्यांच्या डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीला, म्हणजे जिल्हा रुग्णालयातल्या कामाला, जिचं लेकरू गावाकडे आहे तिला तिच्याच जिल्ह्यात पाठवायचं.

फक्त हे पाळणाघर सरकारी कचेरीच्या वेळेत, दहा ते पाच, चालवून भागणार नाही. बाळंतपणं रात्री होतात, अपघात रात्री येतात, आणि नाईटवर असलेल्या आईचं लेकरूही रात्रीच रडतं. तिथे रात्रीची आया हवी, दुधासाठी फ्रिज हवा, आणि लेबर रूमपासून ती खोली पाच मिनिटांच्या आत चालत जाता येईल इतकी जवळ हवी.