मिलिटरी हॉटेलातली मराठी

पुण्याहून मोटारीने बंगळूरला जायचे म्हणजे जवळजवळ साडेआठशे किलोमीटरची मजल. साताऱ्याचे कंदी पेढे, कोल्हापूरचा तांबडा-पांढरा रस्सा, बेळगावचा कुंदा, धारवाडचा पेढा असे करत एकेक गाव मागे पडते. दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर आले की पाट्यांवरची अक्षरे परकी होतात आणि आपली भाषा आता इथे कोणाला कळणार, असे वाटू लागते. मात्र बंगळुरात पोचल्यावर थेट चिकपेट गाठावी. तिथे एखाद्या जुन्या खानावळीच्या गल्ल्यावर या शंकेचे उत्तर मिळू शकते.

चिकपेट म्हणजे बंगळूरच्या जुन्या पेठेचे हृदय. केंपेगौडाने १५३७ साली वसवलेल्या या पेठेत दोड्डपेट म्हणजे थोरली पेठ आणि चिक्कपेट म्हणजे धाकटी पेठ, हे दोन मुख्य रस्ते. भोवतालच्या पेठांना मालावरून नावे पडली. अक्कीपेट तांदळाची, रागीपेट नाचणीची, बळेपेट बांगड्यांची. आज चिकपेटेत रेशमी साड्यांची दुकाने एकमेकांना खेटून उभी आहेत. साड्यांची खरेदी करता करता दुपार होते, मुले भुकेजतात आणि मग आसपासच्या गल्लीत एक गमतीदार पाटी दिसते : 'मिलिटरी हॉटेल'.

नावावरून बिचकू नये. आत ना बंदूक असते, ना शिपाई. दक्षिणेत उडुपी हॉटेल म्हणजे शुद्ध शाकाहारी, तर मिलिटरी हॉटेल म्हणजे मटण मिळण्याची जागा, अशी ही जुनी खूण आहे. इंग्रजांनी १८०९ साली बंगळुरात लष्करी छावणी उभारली. शिपायांना मानवेल असे सामिष जेवण मिळते, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. यांतली बरीच जुनी हॉटेले मराठा कुटुंबांनी चालवलेली आहेत. कॉटनपेटेतले एस. जी. राव मिलिटरी हॉटेल १९०८ सालापासूनचे. जयनगरचे शिवाजी मिलिटरी हॉटेल तर नावानेच ओळख सांगते. 'राव' वाचून वेगळाच तर्क करू नये. कर्नाटकातल्या मराठ्यांत नावापुढे राव लावण्याची रीत आहे.

ही मंडळी इथे आली कधी? १६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने बंगळूर जिंकले आणि तिथला कारभार शहाजीराजांकडे आला. बाल शिवाजी आणि जिजाऊसाहेबही काही काळ इथे राहून गेले. राजांच्या मागून व्यंकोजी धनी झाले, पण त्यांचे लक्ष तंजावरकडे वळले. १६८७ मध्ये मोगलांनी बंगळूर घेतले आणि ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांकडे गेले. सौदा तीन लाख रुपयांचा, असे इतिहास सांगतो. राज्य गेले, माणसे मात्र राहिली. पुढेही कोणी चाकरीसाठी, कोणी व्यापारासाठी येत राहिले. त्यांच्यातल्या काहींनी चूल पेटवली आणि गावाला जेवू घातले.

आता पानाकडे वळू. तांबड्या रश्श्याच्या आशेने गेलेला कोल्हापूरकर इथे चकित होतो. समोर येतो नाचणीच्या पिठाचा उकडलेला वाफाळता गोळा, म्हणजे मुद्दे. त्याचा लचका तोडायचा, मटणाच्या साऱ्यात बुडवायचा आणि न चावता गिळायचा. दोन्ने बिर्याणी येते ती बारीक तांदळाची, कोथिंबीर-पुदिन्याने हिरवट झालेली. पायाचे सूप आणि खिम्याचे 'उंडे' असतातच. नीट कान दिला तर दोन्ने म्हणजे आपला द्रोण, सारू म्हणजे आपले सार आणि उंडे म्हणजे आपले उंडेच! पदार्थ त्या मातीचे, शब्द मात्र सख्ख्या शेजाऱ्यांचे. आपले ते धरून बसायचे आणि इथले नाकारायचे, असे या स्वयंपाकघरांनी केले नाही. नाचणी आपलीशी केली, म्हणून तर ती टिकली.

भाषेचे मात्र तितके सोपे नाही. या समाजातल्या अनेक घरांत मराठी बोलली जाते ती कानांवरून आलेली. शाळा कन्नड किंवा इंग्रजी, बाजार कन्नड, त्यामुळे वाक्य मराठीत सुरू होते आणि कन्नडमध्ये संपते. लिहिता-वाचता न येणारी ही मराठी आजी-आजोबांच्या बोलण्यावर जगते. हॉटेलाचेही तसेच. पहाटे उठून मटण निवडायचे, मोठमोठी पातेली चढवायची, उभ्याने दिवस काढायचा. संगणकाच्या या शहरात मुलाने किंवा मुलीने दुसरी वाट धरली, तर त्यांना दोष कसा देणार? पण गल्ल्यावरची खुर्ची रिकामी झाली की एका चवीबरोबर मराठी बोलण्याची एक जागाही जाते.

इथे पाहुण्याच्या हाती एक छोटीशी गोष्ट असते. पैसे देताना सरळ मराठीत विचारावे, "तुमच्या घरी मराठी बोलतात का हो?" उत्तर आपल्या व्याकरणात बसणारे नसेल. तेव्हा हसू नये, सुधारू नये, आणि अवघडून हिंदीवर तर मुळीच जाऊ नये. पुण्याच्या माणसाने चूक काढली की समोरचा ओशाळतो आणि पुढच्या वेळी गप्प राहणे पसंत करतो. पिढ्यान्‌पिढ्या शाळेवाचून जपलेल्या बोलीला आपल्याकडून गुणपत्रिका नको असते, चार शब्द हवे असतात. मुलांना सोबत उभे करावे. आपली भाषा अशीही असते, हे त्यांनाही कळू द्यावे.

जाणाऱ्यांसाठी दोन सूचना. पेठेत मोटार नेऊ नये. २०१७ पासून चिकपेटेत भुयारी मेट्रोचे स्थानक आहे. जेवायला लवकर जावे, कारण चांगले पदार्थ आधी संपतात. घरात कोणी शाकाहारी असेल तर बळेपेटेतल्या उडुपी श्रीकृष्ण भवनातला सागू मसाला डोसा आहेच.

परतीच्या वाटेवर वेळ असेल तर दावणगेरे जिल्ह्यातल्या होदिगेरे गावी थांबावे. १६६४ साली शिकारीत शहाजीराजांना तिथे मृत्यू आला. त्यांची समाधी तिथेच आहे. राजे परतले नाहीत, त्यांच्याबरोबर आलेल्यांतलेही बरेच जण परतले नाहीत. त्यांची आठवण ठेवायला समाधीवर फूल वाहावेच, पण त्याआधी पेठेतल्या त्या गल्ल्यावर दोन मिनिटे मराठीत बोलून यावे.