मूठभर माती आणि लांब दोरा



विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेतून आम्ही क्योटोला शिकायला आलो आहोत, हे आपणांस ठाऊक आहेच. गेल्या रविवारी वर्गातल्या एका जपानी मैत्रिणीबरोबर नारा शहर पाहिले. क्योटोहून आगगाडीने पाऊण तासाची वाट. इ.स. 710 ते 784 या काळात नारा ही जपानची राजधानी होती.

किन्तेत्सु स्टेशनाबाहेर पडताच कारंज्यावर एक पुतळा दिसला. आम्हांला वाटले, कोणी राजा असेल. जवळ गेलो तर भिक्खू! हे भदन्त ग्योकी. गोरगरिबांत फिरून ते धम्म सांगत, पूल बांधत, तळी खोदत. ते सरकारला खपले नाही. 717 साली त्यांच्या कामावर बंदी आली. पुढे त्याच सरकारला त्यांची गरज पडली, ती कशी ते पाहा.

वाटेत मोठे उद्यान लागते. तेथे हजाराहून अधिक हरणे मोकळी हिंडतात. बिस्किट दाखवले की मान लववून नमस्कार करतात. आमच्याजवळची बिस्किटे संपली, तेव्हा एका हरणाने हातातला नकाशाच खाऊन टाकला! मैत्रीण पोट धरून हसली.

मग तोदाइजी विहारातली महाबुद्धाची मूर्ती पाहिली. काशाची, सुमारे पंधरा मीटर उंच. 1180 आणि 1567 साली विहाराला आगी लागल्या, मूर्तीची मोडतोड झाली, आणि ती पुन्हा घडवली गेली. आजची इमारत 1709 सालची आहे.

ही मूर्ती घडवायचे सम्राट शोमू यांनी 743 साली जाहीर केले. एखाद्याने गवताची काडी किंवा मूठभर माती आणली, तरी ती स्वीकारावी, असे त्या आज्ञेत होते. पण लोकांपर्यंत जाणार कोण? तेव्हा बंदी घातलेल्या ग्योकींनाच बोलावले. ते दारोदार फिरले. मूर्ती पुरी झालेली मात्र त्यांनी पाहिली नाही. 749 साली त्यांचे निधन झाले.

752 साली मूर्तीचे डोळे रंगवण्याचा सोहळा झाला. कुंचला धरला तो आपल्या भारतातून गेलेल्या भदन्त बोधिसेन यांनी. कुंचल्याला लांब दोरा बांधला होता आणि जमलेल्या लोकांनी तो हाती धरला होता. म्हणजे डोळे सर्वांनी मिळून उघडले! जवळजवळ दोनशे मीटरचा तो निळा दोरा आजही नाराच्या शोसोइन भांडारात जपून ठेवला आहे.

हे ऐकताना परित्राणपाठाच्या वेळी हातोहात फिरणारे आपले पांढरे सूत आठवले. आणि आठवली ती वहीची पाने. आमच्या विमानाच्या तिकिटासाठी वस्तीतल्या आयाबायांनी पन्नास-पन्नास, शंभर-शंभर रुपये दिले होते. एका आजीने नावापुढे अंगठा उमटवला होता. "एवढेच आहेत गं पोरी," म्हणताना ती ओशाळली होती. तेव्हा आम्हांला उत्तर सुचले नाही.

आजी, इथे सम्राटानेसुद्धा मूठभर माती मोलाची मानली होती. आमच्या हातात लेखणी आहे, पण तिला बांधलेला दोरा तुम्ही धरला आहे. तो सैल पडू देणार नाही.

मातांनो, आज रात्री मुलांना ग्योकींची गोष्ट अवश्य सांगा. हरणाने नकाशा खाल्ल्याचीही सांगा. मुले आधी तीच मागतील!