वही भरली, पण सबक कुणी ऐकला?

तिसरीपासूनच कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे एआय शिकवण्याची घोषणा केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये केली. पण शाळेत तासिका सुरू व्हायच्या आधीच एआय मुलांच्या हातात पोहोचलं आहे. २०२५ मध्येच एअरटेलने पर्प्लेक्सिटी, जिओने जेमिनी, तर चॅटजीपीटीवाल्या कंपनीने स्वतःची गो योजना भारतात ठरावीक मुदतीसाठी फुकट दिली. व्हॉट्सॲपमधला निळा गोल तर त्याआधीपासून आहेच.

देवळा, सटाणा, कळवण पट्ट्यात दिवसभर कांद्याच्या कामात असलेल्या आईबापांना काय दिसतं? पोरगं मोबाईलवर अभ्यास करतंय आणि वही भरलीय. निबंध सुरेख, गणित पायऱ्यांसकट. आम्हा शिक्षकांनाही तपासताना तेच दिसतं. पण 'हे कसं आलं, सांग बघू' म्हटलं की पोरगं गप्प. वही आता शिकल्याचा पुरावा राहिलेली नाही, खरी अडचण ही आहे.

दहावीच्या निकालांनी हा इशारा आधीच दिला होता. २०१८ मध्ये राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये भाषा आणि समाजशास्त्राचे शाळेच्या हातातले २० गुण काढले, अभ्यासक्रमही नवा होता, आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत आले, निकाल ९५.३० टक्के लागला. नव्या अभ्यासक्रमाचा वाटा धरला तरी हे २० गुण अनेक ठिकाणी खिरापतीसारखे वाटले जातात, हे आपण सगळेच जाणतो. त्यात भाषेची तोंडी परीक्षा येते. म्हणजे एआयच्या काळात जी परीक्षा सगळ्यात मोलाची, तीच आपण नावापुरती घेतो.

आपल्या मुलांसाठी हा प्रश्न जास्त गंभीर आहे. मालेगावसारख्या ठिकाणी उर्दू माध्यमात शिकणाऱ्यांचं मराठी आधीच कच्चं राहतं. आता मराठीचा निबंध यंत्र लिहून देतं, म्हणजे होता तेवढा सरावही गेला. उद्या पोलीस भरतीचा पेपर मराठीत येणार, व्याकरणासकट. तिथे मोबाईल दारातच ठेवावा लागतो.

यावर उपाय बाहेरून आणायची गरज नाही. वहीची पहिली नाजिल झालेली आज्ञाच 'इक़रा', म्हणजे वाच. मदरशात हिफ्ज करणारं मूल रोज उस्तादांसमोर बसून सबक सुनावतं. कालचा पाठ पक्का नसेल तर पुढचा मिळत नाही. फक्त पाठांतर म्हणजे समज नव्हे, हे मान्य. पण रोज समोर बसवून ऐकण्याची ही रीत शाळेने उचलावी. मूल धडा स्वतःच्या शब्दांत सांगेल, गणिताची पायरी का घेतली ते सांगेल.

वर्गात साठ मुलं, वेळ कुठून आणायचा? रोज पाच मुलं, प्रत्येकी दोन मिनिटं. दहा मिनिटांत काम होतं आणि बारा दिवसांत अख्खा वर्ग ऐकून होतो. निबंध घरून आणायला सांगण्याऐवजी वर्गातच लिहून घेतला, तर तपासण्याचा अर्धा ताप कमी होईल. पण शाळाबाह्य कामं आणि माहिती भरण्याचा बोजा शासनाने कमी केला नाही, तर ही दहा मिनिटंही मिळणार नाहीत.

एआय हराम ठरवून मोबाईल हिसकावून घ्या, असं आमचं म्हणणं नाही. ज्या मुलीला ट्यूशन परवडत नाही, तिला अवघड मराठी शब्दाचा अर्थ उर्दूत समजावून घेता आला तर ती नेमतच आहे. फक्त क्रम पाळावा: आधी स्वतः लिहायचं, मग यंत्राला चुका विचारायच्या, मग पुन्हा स्वतः दुरुस्त करायचं.

आणि घरी? अम्मी-अब्बूंना लिहिता-वाचता येत नसलं तरी रात्री जेवताना 'आज काय शिकलास, मला समजावून सांग' एवढं विचारता येतं. मूल अडखळलं तर कळेल की वही भरली, डोकं नाही. मशिदीच्या कमिट्यांनी, मोहल्ल्यातल्या शिकलेल्या तरुणांनी आठवड्यातून एक संध्याकाळ मुलांचं ऐकायला दिली, तरी पुष्कळ झालं. इल्म मागून आणता येत नाही, तो कमवावा लागतो.