टपरीवर नको, मेलवर बोला!

'बॉस एक नंबरचा खडूस आहे.' 'प्रेझेंटेशन मी बनवलं, भाव भलत्यानंच खाल्ला.' 'सहा शनिवार राबलो, कॉम्प-ऑफचं नाव नाही!' संध्याकाळी कुठल्याही आयटी पार्कबाहेरच्या टपरीवर जा, कटिंगसोबत हेच ऐकू येईल. त्यानं मन हलकं होतं, हे खरंय. पण त्याच कंपनीच्या एचआरला विचाराल तर उत्तर मिळेल, 'आमच्याकडे तक्रारच नाही.' आणि ते खोटं बोलत नसतात. त्यांच्याकडे लेखी काही आलेलंच नसतं.

का येत नाही? बॉस डूख धरेल, अप्रेझल बोंबलेल, मग फ्लॅटचा हप्ता कोण भरणार? भीती रास्त आहे. पण जरा उलटा विचार करा. उद्या खरंच रेटिंग घसरलं, तर तोंडी तक्रारीचा पुरावा काय देणार? तारखेसह मेल असेल, तर आधी तक्रार आणि मग घसरण, हा क्रम तरी दाखवता येतो.

शिवाय एचआर म्हणजे तुमचा जिगरी दोस्त नाही आणि दुश्मनही नाही. त्यांचा पगार कंपनी देते. 'माझ्यावर नेहमी अन्याय होतो' या वाक्याचं ते काय करणार? पण 'मार्च-एप्रिलमध्ये सहा शनिवारी काम केलं, तारखा खाली दिल्या आहेत, मॅनेजरना दोनदा विचारलं, कॉम्प-ऑफ मिळालेला नाही' हे त्यांना टाळता येत नाही. अटेंडन्सचं रेकॉर्ड त्यांच्याकडेच असतं ना!

मेल लिहिताना एवढं सांभाळा :

* एका मेलमध्ये एकच विषय. कँटीनपासून कॅबपर्यंत सगळं कोंबू नका.
* काय घडलं, कधी, कोणासमोर, ते लिहा. विशेषणं गाळा.
* तुम्हाला नेमकं काय हवंय आणि उत्तर कधीपर्यंत हवंय, ते विचारा.
* आधी मॅनेजर. तक्रार त्याच्याबद्दलच असेल, तर त्याच्या वरचा साहेब किंवा एचआर.
* तारखांची नोंद स्वतःच्या डायरीत ठेवा. कंपनीच्या गोपनीय फायली पर्सनल मेलवर पाठवू नका, उलट तुम्हीच अडकाल.

आणि हो, कायद्याचं घड्याळही चालू असतं. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यानुसार १० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवीच. महिला कर्मचाऱ्यानं घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची असते. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते.

बाकीच्या तक्रारींसाठी २१ नोव्हेंबर २०२५पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. २० किंवा अधिक कामगार असतील, तर तक्रार निवारण समिती नेमावी लागते. तिच्यात मालकाचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान असतात. अर्जाला मुदत एक वर्षाची, समितीला ३० दिवसांची. निर्णय पटला नाही, तर पुढे सरकारी समेट अधिकाऱ्याकडे जाता येतं. मॅनेजर मंडळी आणि महिना १८ हजारांवर पगार घेणारे सुपरवायझर यात येत नाहीत. पण व्हिजिटिंग कार्डवर 'असिस्टंट मॅनेजर' छापलंय म्हणून लगेच हात टेकू नका. कोर्ट हुद्द्यापेक्षा प्रत्यक्ष काम काय करता, ते बघतं.

राजीनामा दिल्यावर एक्झिट इंटरव्ह्यूत सगळं भडाभडा बोलणारे खूप भेटतात. पुढच्या माणसाला त्याचा फायदा होईलही कदाचित, पण तुमचे सहा शनिवार गेले ते गेलेच. तेव्हा कटिंग जरूर घ्या, बॉसला शिव्याही घाला. फक्त डेस्कवर परतल्यावर, तारीख विसरायच्या आत, तो मेल लिहायला घ्या.