‘शासकीय आकडेवारी’ म्हणजे नेमकी कुणाची?

शेतकरी आत्महत्यांवर आपल्याकडे शोधनिबंध भरपूर लिहिले जातात. एम.ए., पीएच.डी.ची पोरं जुनी कात्रणं मागायला येतात, तेव्हा त्यांचे कच्चे मसुदे वाचायला मिळतात. विषय जिव्हाळ्याचा, फिरून मुलाखती घेतलेल्या. पण आकडा आला की खाली तळटीप काय? ‘स्रोत : शासकीय आकडेवारी’. अरे बाबा, कुठलं शासन? कुठला विभाग? कुठला कागद?

हा नुसता किस काढणं नाही. एक उदाहरण बघा.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, अपघाती मृत्यू आणि आत्महत्यांचा अहवाल काढतो. २०१३ च्या अहवालात शेतीत स्वयंरोजगार असलेल्यांच्या आत्महत्या देशभरात ११,७७२. २०१४ च्या अहवालात शेतकऱ्यांच्या आत्महत्या ५,६५०. दोन्ही आकडे सरकारी आणि दोन्ही खरे. शेजारी शेजारी ठेवले तर एका वर्षात आत्महत्या निम्म्यावर आल्या असं दिसतं. प्रत्यक्षात काय झालं, तर २०१४ पासून एनसीआरबीनं रकानेच बदलले. शेतकरी वेगळे आणि शेतमजूर वेगळे. त्या वर्षीचे शेतमजूर होते ६,७१०. दोन्ही मिळून १२,३६०. म्हणून नुसतं ‘एनसीआरबी, २०१४’ लिहून भागत नाही. तक्ता क्रमांक, पान आणि रकान्याचं नाव जसंच्या तसं द्यावं लागतं. ज्यानं दिलं नाही, त्याच्या आलेखातली घसरण खरी की रकान्याची, हे वाचणाऱ्याला कधीच कळत नाही.

दुसरा घोळ महसूल खात्याच्या आकड्यांचा. तिथं नोंद होते ती मदतीसाठी. प्रकरण जिल्हा समितीपुढे जातं, सातबारा, कर्ज, थकबाकी बघतात आणि ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरतं. आता निबंधात नुसते ‘पात्र’ घेतले आणि मथळा दिला ‘जिल्ह्यातील आत्महत्या’, तर जी प्रकरणं अपात्र ठरली ती माणसं कागदावर मेलीच नाहीत! एखाद्या बाईच्या नवऱ्याच्या नावावर जमीन नव्हती म्हणून तिला मदत मिळाली नाही. आता संशोधनातही तो माणूस मोजला जाणार नाही. मला राग येतो तो इथं.

शासन निर्णयांची तर वेगळीच तऱ्हा. ‘२०१७ चा कर्जमाफीचा जीआर’ असं सरसकट लिहितात. पहिला निर्णय सहकार विभागाचा, २८ जून २०१७ चा. त्यात १ एप्रिल २०१२ नंतरची कर्जं धरली होती. काही दिवसांतच ती तारीख २००९ पर्यंत मागे नेली. पुढेही दुरुस्त्या होत राहिल्या. मग तुम्ही ज्या शेतकऱ्याला ‘निकषात बसत नव्हता’ म्हणता, तो कुठल्या तारखेच्या निकषात? क्रमांक आणि दिनांक नसेल तर वाक्य खरं की खोटं हेच ठरवता येत नाही.

आणि हे शोधणं अवघड आहे का? अजिबात नाही. जीआरच्या पहिल्या पानावर विभाग, विषय, क्रमांक, दिनांक सगळं छापलेलं असतं. त्या क्रमांकात ‘प्र.क्र.’ असतं, म्हणजे प्रकरण क्रमांक, तोही पूर्ण उतरवा. ‘वाचा’ या शब्दाखाली आधीच्या निर्णयांची यादी असते, तिथून मागचा माग काढता येतो. शेवटी लांबलचक सांकेतांक असतो, सुरुवातीला वर्ष-महिना-दिवस असलेला. तो दिला की संकेतस्थळाचा पत्ता बदलला तरी कागद सापडतो. नुसती लिंक चिकटवली तर दोन वर्षांनी ती उघडेलच याची खात्री नाही. लिंक द्या, पण कधी पाहिली ती तारीखही द्या.

बरं, प्रत्येक सरकारी कागद जीआर नसतो. परिपत्रक वेगळं, राजपत्रातली अधिसूचना वेगळी, शुद्धिपत्रक वेगळं. जो आहे तो म्हणा.

जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचनातला तक्ता घेतला तर त्याच्या खाली मूळ आधार लिहिलेला असतो, कृषी कार्यालय किंवा आणखी कुणी. तोही उतरवा. माहिती अधिकारात मिळालेलं उत्तर असेल तर कार्यालय, जावक क्रमांक, दिनांक द्या आणि पत्राची प्रत परिशिष्टात लावा, कारण ते पत्र दुसऱ्या कुणाला ग्रंथालयात मिळणार नाही. आणि जे आमच्या पेपरच्या बातमीतून घेतलं, ते बातमीतून घेतलं असंच लिहा. बातमी वाचून खाली अहवालाचं नाव टाकणं ही सरळ फसवणूक आहे.

दोष एकट्या पोरांना देऊन चालणार नाही. त्यांना हे कुणी शिकवलेलंच नसतं. संदर्भसूची म्हटलं की पुस्तकं आणि नियतकालिकं, एवढंच वर्गात सांगतात. मार्गदर्शक सही करतात तेव्हा तळटिपा उघडून बघतात का, हे त्यांनाच विचारा. माझं म्हणणं एवढंच आहे, मौखिकीच्या दिवशी परीक्षकांनी कुठल्याही पाच सरकारी तळटिपांवर बोट ठेवावं आणि ते पाच कागद टेबलावर मागावेत. चहा-नाश्ता त्यानंतर.